पाच ट्रॉल्यांचं रेडियम

मुकुंदवाडी, औरंगाबाद
दि. २० फेब्रुवारी १९९४

प्रिय बिरू,

तुला रामराम आणि माझ्याकडून जय भीम. बानामायला दंडवत सांग. लेकरांना आशीर्वाद. आम्ही इथं बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

सूर्यभानच्या दहाव्याला मी जेवायला थांबलो नाही, याचा तुला राग आला असणार. पंगत बसताना बानामायनं माझ्या नावानं हाक मारलेली मी ऐकली होती. पोटात कळ येत होती, शेवटची एसटी चुकेल असंही वाटलं, म्हणून कुणाला न सांगता निघालो. सोळा वर्षांमागं आमच्या वस्तीवर माणसं चालून आली, तेव्हा आम्हा सात जणांना तुझ्या आईनं मेंढरांच्या वाडग्यात, काट्यांच्या कुंपणाआड, चार दिवस लपवून ठेवलं. रोज भाकरी फडक्यात बांधून स्वतः आणली. तिच्या दारातून मी तिच्याच लेकाच्या दहाव्याला उपाशी परत आलो. याबद्दल तू मला चार शिव्या दिल्यास तरी मी ऐकून घेईन.

तुझी केसरवहिनी अजून धड जेवत नाही. सूर्यभान आयटीआयची दोन वर्षं आमच्याकडं राहिला, वाळूजला कंपनीत लागल्यावरही शनिवारी गावाकडं निघताना आधी आमच्याकडं यायचा. त्याचं ताट तिनं फळीवर पालथं घालून ठेवलंय, तिथून हलवत नाही आणि दुसऱ्या कुणाला वाढतही नाही. तुला आठवतं का, बानामाय पहिल्यांदा आमच्या घरी आली ती? वाडग्यात असताना ती आम्हाला पाणी वरून ओंजळीत घालायची. तिचाही तेव्हा दोष नव्हता, तसंच चालायचं. आमच्या घरी आली तर दारातच अवघडून उभी. सूर्यभाननं आमचाच कप तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "पी माय, माझं इथं रोजचंच हाय." माय सगळा चहा प्याली आणि कप स्वतः विसळून ठेवला. केसर अजून ते सांगते.

मशीनचं तू विचारलं होतंस. दिवाळीला पुण्याहून जुनं आणलेलं ते कटिंग मशीन बरं चाललंय. कम्प्युटरवर आकार काढायचा, रोल लावायचा, मग बारीक पातं फिरून स्टिकर कापून देतं. मराठी अक्षरं त्याला जमत नाहीत, ती मी अजून हातानं ब्लेडनंच कापतो. रेघा, बाण, पट्टे मात्र असे कापतं की माझ्या वीस वर्षं मुरलेल्या हाताला लाज वाटावी. ट्रक, रिक्षा, ट्रॉल्यांची कामं त्याच्यावरच चालतात.

अडचण असते ती रोलची. नवा रोल मुंबईहून येतो आणि आपल्यासारख्याला तो परवडत नाही. तू मला चिकट म्हणतोस, म्हण. मी शहागंजच्या मागं कादरभाईच्या भंगारात उकिडवा बसून कटपीस निवडतो. कंपन्यांतून स्टिकरची रद्दी तिथं किलोवर येते, आणि वाळूजला जसजसे कारखाने वाढले तसतशी तीही वाढली. तासभर बसलं की हातभर लांबीचे चांगले तुकडे निघतात. यात भानगड एकच. लोक सगळ्यालाच रेडियम म्हणतात, पण एक असतं साधं, नुसतं रंगीत. दुसरं खरं, अंधारात त्याच्यावर दिव्याचा उजेड पडला की लखकन पेटतं. दिवसा दोन्ही लाल ते लालच. कादरभाई दर वेळी बजावतो, "पुंडलिकभाय, चमकता क्या नै, घर जाके देख लेना. बाद में मेरेकू बोलना नै."

म्हणून आमच्या घरी गोधडीची पद्धत. भर दुपारी केसर डोक्यावरून जाड गोधडी घेऊन बसते, बॅटरी कपाळाला लावते आणि एकेक तुकडा बघते. खरा उजव्या ढिगात, साधा डाव्या. सूर्यभानला त्याचं लई हसू यायचं. "वहिनी, बाहेर निघा, शिजाल आतल्या आत," म्हणायचा आणि मग स्वतःच आत शिरून अर्धा ढीग निवडून द्यायचा. हे तुला कशाला लिहिलं कोण जाणे, हात चालला तसा चालू दिला.

या आठवड्यात दुकानात मन लागलं नाही. खुलताबादकडं जाऊन आलो, परवा वैजापूरला होतो. जुन्या गिऱ्हाइकांच्या ट्रॉल्या बघायच्या होत्या. वैजापूरची काही सापडली नाही. मोंढ्यात कांद्याच्या गाड्यांमागून दोन दिवस फिरलो, लोकांना वाटलं मी हमाली शोधतोय.

दहाव्याला तू मला गोठ्यामागं नेऊन जे बोललास ते कानातून जात नाही. गाव म्हणतं, पोरगा पिऊन होता. आडूळच्या पुढं आपल्या गावच्या कचरूची उसाची ट्रॉली पंक्चर होऊन अंधारात कडेला उभी, मागं लाल-पिवळे रेडियमचे पट्टे. पंचांनी सकाळच्या उन्हात ते पाहिले, कागदावर लिहिले. एवढे पट्टे असून मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसत नाही म्हणजे तो शुद्धीत नसणार. गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? तू मनावर घेऊ नकोस. मायला जप.

तुझा
पुंडलिक

—

मुकुंदवाडी, औरंगाबाद
दि. ६ मार्च १९९४

प्रिय बिरू,

रामराम. तुझं पत्र मिळालं. सगळ्यांची खुशाली कळली असं लिहीत नाही, कारण तू खुशालीचं काही कळवलंच नाहीस. बानामायचे गुडघे धरलेत असं लिहिलंस, त्यावर तिळाचं तेल कोमट करून लावा. मेंढरं यंदा कुठवर नेणार ते कळव.

तू दोन प्रश्न विचारलेस. त्यातला पहिला सोपा आहे. रेडियम किती लांबून दिसतं? खरं, चांगलं रेडियम असलं तर मोटारसायकलच्या दिव्यात दोनशे पावलांवरून दिसतं. धुळीनं माखलं तर शंभरावरून. हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

आता दुसरा. तू लिहिलंस, "तुझ्या घरून निघताना त्यो पिलेला व्हता का, तेवढं खरं सांग. आमचा बाप दारूनं गेला. मायनं आम्हा दोघांना देवापुढं भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली व्हती. त्यानं ती मोडली का, एवढंच मायला कळून घ्यायचंय. ती दुसरं काय बी विचारत नाय."

बिरू, तो साडेसहाला निघाला तेव्हा मी दुकानात कामात होतो. माझं नीट लक्ष नव्हतं. कंपनीतली पोरं पगार झाला की कधीमधी घेतात, संगत कशी असते आपल्याला काय ठाऊक. वाटेत आडूळला कुणी भेटलं असेल, थांबला असेल. मी ठामपणे काही सांगू शकत नाही. गेलेल्या माणसाचं आता काय उकरायचं? त्याच्या वयाला आपणही सगळे देवमाणूस नव्हतो.

इकडं रोलचे भाव पुन्हा चढलेत. पिवळा तर मिळेना. मशीनचं पातं बोथट झालं होतं, ते पुण्याहून मागवलं, आठ दिवस काम बंद होतं. उन्हाळ्यात साधा माल चिकटत नाही, कडा उचलतात, गिऱ्हाईक ओरडतं, म्हणून आता थोडा महाग माल घ्यावा असं ठरवलंय. सीडकोत नव्या दुकानांच्या पाट्यांची कामं बरीच आहेत. केसर बरी आहे. ती तुझं पत्र मागत होती, मी दिलं नाही, हरवलं म्हणालो.

मायला जप. पत्राचं उत्तर सवडीनं दिलंस तरी चालेल.

तुझा
पुंडलिक

—

मुकुंदवाडी, औरंगाबाद
दि. १९ मार्च १९९४

बिरू,

हे पत्र वाचायला घेतलंस तर आधी बानामायला जवळ बसव आणि ही एक ओळ तिला मोठ्यानं वाचून दाखव. सूर्यभान पिऊन नव्हता. त्यानं भंडाऱ्याची शपथ मोडली नाही. बाकीचं पत्र तू मग एकटा वाच, नाहीतर चुलीत घाल.

तुझं कार्ड परवा आलं. त्यात चारच ओळी आहेत, त्या मला पाठ झाल्या. "तुझं पत्र मायला वाचून दाखवलं. तिनं सूर्यभानचा फोटो भिंतीवरून काढून धान्याच्या कणगीमागं ठेवला. म्हणाली, शपथ मोडून मेला, आता त्याच्यासाठी रडायचं नाय. त्या दिवसापासून ती रडत नाय आन् कुणाशी बोलत बी नाय."

कार्ड उघडंच असतं, ते आधी केसरच्या हाती पडलं. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे. मी दुकानातून आलो तर उंबऱ्यात बसली होती, कार्ड मांडीवर. "तुम्ही काय लिवलं व्हतं त्या माउलीला?" तिनं विचारलं. मी इकडचं तिकडचं सांगायला लागलो. ती म्हणाली, "त्यो माझ्या हातचं पिठलं-भाकर खाऊन गेला. दोनदा चहा पेला. निघताना पायाला वाकला. माझ्या तोंडापाशी तोंड व्हतं त्याचं, मला वास आला नसता का? तुम्ही बी तिथंच उभे व्हता." मी तिथंच उभा होतो, बिरू. मी त्याच्या गाडीच्या दिव्यावरची धूळ पुसून दिली होती. दुकानात नव्हतो. माझं लक्ष नव्हतं हे खोटं, ठामपणे सांगता येत नाही हे खोटं. दोनशे पावलांचं तेवढं खरं होतं, आणि तेही मी खोट्यासाठीच वापरलं.

आता ते का केलं ते लिहितो. तीन वेळा लिहून फाडलंय, यावेळी फाडणार नाही.

१४ जानेवारीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. तुला मी त्यातलं काय सांगू, आमची घरं त्याच पायी गेली होती आणि वाडगं तुमचं होतं. दोन दिवसांनी, रविवारी, गावोगावची माणसं ट्रॉल्या भरून गेट बघायला आली. बाया नव्या लुगड्यांत, म्हातारी माणसं पोरांच्या खांद्याला धरून, सगळे निळ्या गुलालात न्हालेले. केसर सकाळीच शेजारच्या बायांबरोबर तिकडं गेली. मी दुकान उघडं ठेवलं, कारण ज्याला त्याला गाडीवर लावायला काहीतरी हवं होतं. मी त्या दिवशी कुणाकडून काही घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा फुकट वाटण्याइतका श्रीमंत झालो होतो.

दुपारी कचरू आपल्या गावची ट्रॉली घेऊन आला. पन्नास माणसं आत. म्हणाला, "दादा, जाताना अंधार पडंल, मागं रेडियम लावून द्या." मी म्हटलं, देतो की. त्याचं बघून आणखी चार ट्रॉलीवाले रांगेत उभे राहिले. खुलताबादकडच्या दोन, चिकलठाण्याची एक, वैजापूरची एक. निवडलेला माल सकाळीच संपला होता. आदल्या दिवशी कादरभाईकडून आणलेला ढीग मशीनखाली तसाच पडला होता. केसर नव्हती, गोधडी घडी घालून ठेवलेली. मी त्या ढिगातला लाल आणि पिवळा उचलला आणि पट्टे कापायला लावले.

खरं रेडियम जाड असतं, बिरू. पातं त्यावरून जाताना करकरतं. त्या दिवशी मशीन गुपचूप चाललं. मला ते ऐकू आलं. बाहेर ढोल वाजत होते म्हणून ऐकू आलं नाही असं मी स्वतःला महिनाभर सांगत होतो, पण आलं होतं. हातालाही कळलं होतं, पट्टा बोटांना पातळ लागला. मी थांबलो नाही. रांग होती, माणसं माझ्या नावानं हाका मारत होती, आणि मला त्या हाका गोड लागत होत्या.

पाचही ट्रॉल्यांना मी स्वतः पट्टे लावले. उन्हात सुंदर दिसले. कचरूच्या ट्रॉलीतल्या एका म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

५ फेब्रुवारीला कचरूची ती ट्रॉली आडूळच्या पुढं उभी होती. कचरू पंक्चरवाल्याला आणायला पायी गेला होता. चाकामागं दगड लावून, काट्या टाकून, जे करायचं ते सगळं करून गेला होता. त्याचा काही दोष नाही. तुमच्या भावकीतल्या पोरांनी त्याला धमकावल्याचं ऐकलं, त्यांना हे वाचून दाखव.

दहाव्याच्या दिवशी माझ्या पोटात कळ नव्हती. पंगत मांडेपर्यंत मी कचरूच्या वस्तीवर जाऊन आलो. ट्रॉली तिथं उभी होती, मागचं फळकूट चेपलेलं. मी चाकाशी बसून अंगावरची शाल डोक्यावरून आणि फळकुटावरून ओढली, कचरूची बॅटरी कपाळाला लावली आणि बघितलं. काळं फळकूट आणि काळा पट्टा, दोन्ही सारखेच. मी तसाच बसून राहिलो. कचरू विचारत होता, "दादा, काय दिसतंय?" मी त्याला म्हणालो, काही नाही. खरं तेच होतं. तिथून परत आलो आणि बानामायनं हाक मारली तेव्हा मला तिच्या घरचा घास उचलवला नसता.

त्यानंतर खुलताबादकडच्या दोन्ही ट्रॉल्या गाठल्या, चिकलठाण्याची गाठली, कचरूची तर झालीच. चारही ट्रॉल्यांवरचे पट्टे सुरीनं खरवडून काढले, खरं रेडियम लावलं आणि अंधार पडेपर्यंत थांबून तपासलं. कुणाला कारण सांगितलं नाही. वैजापूरची पाचवी अजून सापडत नाही. उद्या पुन्हा जातो. ती कुठंतरी रस्त्यावर आहे, बिरू, आणि रोज सूर्य बुडाला की मला तिचीच आठवण येते.

तू विचारशील, महिना दीड महिना गप्प का बसलास. भीती वाटली. तुरुंगाची नाही. सोळा वर्षांत आम्हाला एकच दिवस असा मिळाला, त्याच्यावर हे रक्त लागेल असं वाटलं. गाव म्हणेल, यांच्या नामांतरानं धनगराचं पोर खाल्लं. मी स्वतःला सांगितलं की मी माझ्या माणसांसाठी गप्प बसतोय. ते अर्धंच खरं होतं. बानामायच्या डोळ्यांतून उतरायचं नव्हतं, हे उरलेलं अर्धं. तिच्या डोळ्यांत मी टिकावं म्हणून तिच्या पोराला तिच्या डोळ्यांतून उतरवलं. ट्रॉलीवर आदळून तो एकदा गेला, माझ्या पत्रानं तिच्यासाठी दुसऱ्यांदा गेला. पहिल्या वेळी चूक झाली म्हणता येईल. दुसऱ्या वेळी मी टेबलाशी बसून, विचार करून, चांगल्या अक्षरात ते लिहिलं.

हे सगळं केसरला सांगितलं. तिनं त्या ढिगातले उरलेले तुकडे मागून घेतले, गोधडी घेतली आणि आत शिरली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिचा चेहरा घामानं आणि रडण्यानं ओला होता. उजव्या हाताला दोन तुकडे, बाकी सगळे डाव्या. म्हणाली, "आज बसा आन् लिवा. नाय तर मी जाऊन सांगते मायला, माझ्या पायानं."

तिला एक गोष्ट मी सांगितलेली नाही. ती तुलाच लिहितो, कारण ती लपवली तर बाकीचं कबूल करण्याला काही अर्थ राहत नाही.

त्या रविवारी सूर्यभान तिथं होता. केसरला तिळगूळ द्यायला आला होता, ती नाही म्हणून दुकानात थांबला. बाया-माणसांनी त्यालाही गुलाल लावला, तो हसत होता. कचरूच्या ट्रॉलीचं फळकूट त्यानंच ओल्या फडक्यानं पुसलं. मी पट्टा लावत गेलो, तो मागून अंगठ्यानं दाबत आला, एक बुडबुडा राहू दिला नाही. गावची ट्रॉली म्हणून जास्तच मन लावून दाबलं. आणि लावायच्या आधी, पट्टा हातात धरून, त्यानं मला विचारलं होतं, "दादा, गोधडीत बघायचं नाय का?"

मी म्हणालो, "आज काय बघायचंय येड्या, आज सगळंच चमकतंय."

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. पुन्हा विचारलं नाही.

येत्या बाजाराच्या दिवशी पहिल्या एसटीनं पाचोडला उतरतो, तिथून चालत गावात येतो. पारावर सगळे असतील तेव्हा हेच तोंडानं सांगतो, जे सूर्यभानला पिऊन होता म्हणाले त्यांच्यासमोर आधी. मग ठाण्यात जाऊन लिहून देतो. तुमच्या दाराशी मी आपणहून येणार नाही. मायनं फोटो पुन्हा भिंतीवर लावला एवढं कुणी येऊन सांगितलं तरी मी परत फिरेन आणि पुन्हा तोंड दाखवणार नाही.

खाली नाव लिहायचं राहिलंय. त्याच्याआधी जे लिहायचो ते लिहायचा मला आता हक्क नाही.

पुंडलिक